दोन अँटेना जोडून, बूस्टर लावून चित्र सुधारतं का? गंगापूर रोडच्या एका गच्चीसाठी उत्तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. गंगापूर रोडला तीन मजली घर. खाली भाऊ, मधे तुम्ही, वर आई-वडील, असे तीन टीव्ही. गच्चीवर फ्री डिशची दोन फुटी छत्री, तिच्यातून एकच वायर खाली येते आणि जिन्यातल्या स्प्लिटरवरून (एका वायरीच्या अनेक वायरी करणारी डबी) तीन घरांत जाते. पाऊस जोराचा झाला की चित्राचे चौकोन होतात आणि मग ते थांबतंच. दुकानदार म्हणतो, गच्चीवर पडून असलेली दुसरी छत्री हिलाच जोडा आणि वर बूस्टर, म्हणजे सिग्नल मोठा करणारा डबा, टाका. शिवाय वडिलांनी दूरदर्शनच्या काळात उभारलेला अ‍ॅल्युमिनियमचा अँटेना पाइपवर अजून शाबूत आहे. तसाच आणखी एक घेऊन दोन्ही जोडले, त्यावर बूस्टर लावला, तर नव्या टीव्हीवर सह्याद्री वाहिनी छत्रीशिवाय दिसेल का, हा प्रश्नाचा दुसरा भाग.

निकाल आधी सांगतो. दोन छत्र्या एकमेकींना जोडू नका. बूस्टर घेऊ नका. अँटेनाच्या खटपटीतून नाशिकमध्ये काही हाती लागणार नाही. तुमच्या घराला हवी आहे थोडी मोठी छत्री, चार तोंडांचा एलएनबी (छत्रीसमोर दांड्यावर बसवलेला, सिग्नल गोळा करणारा डबा) आणि तीन स्वतंत्र वायरी. हे का, ते नीट समजून घ्या. कारण समजलं की पुढच्या वेळी दुकानात उभं राहून तुम्हाला स्वतःच ठरवता येईल.

सगळा घोळ ‘बूस्टर’ काय करतो याच्या गैरसमजातून होतो. हवेतून येणारा सिग्नल कधी एकटा येत नाही, त्याच्याबरोबर नॉइज, म्हणजे नको असलेली खरखर, असतोच. शिवाय बूस्टर, वायर, टीव्हीचा ट्यूनर (वाहिनी पकडणारा आतला भाग), प्रत्येक टप्प्यावर नॉइजच्या तुलनेत सिग्नल आणखी खाली जातो. गोदाघाटावर कुंभमेळ्याच्या गर्दीत लांबून कोणी हाक मारली आणि ती तुम्ही कर्ण्यातून ऐकली, तर हाकेबरोबर गर्दीचा गलकाही तितकाच मोठा होईल. टीव्हीला सिग्नल किती मोठा आहे यापेक्षा तो नॉइजच्या किती वर आहे याच्याशी मतलब असतो. हे अंतर अँटेनाच्या तोंडाशी जेवढं मिळालं तेवढंच. पुढे ते फक्त कमी होऊ शकतं, वाढू शकत नाही. चांगला बूस्टर चांगल्या जागी लावला, तर हे कमी होणं तो जवळजवळ थांबवतो. त्याचं काम एवढंच.

म्हणून बूस्टर कुठे लावला हे तो किती ‘पॉवर’चा आहे यापेक्षा महत्त्वाचं. आकड्यांत दाखवतो. डेसिबलचा हिशेब सोपा आहे: ३ डेसिबल म्हणजे दुप्पट, १० डेसिबल म्हणजे दहापट. समजा साधा यूएचएफ (टीव्हीच्या वरच्या वारंवारतांचा पट्टा) अँटेना आहे, खाली २५ मीटर आरजी-६ वायर (टीव्हीची नेहमीची गोल केबल) आहे आणि चार तोंडांचा स्प्लिटर आहे. ५०० मेगाहर्ट्झच्या आसपास ही वायर सुमारे ४ डेसिबल खाते, स्प्लिटर ७ खातो आणि टीव्हीचा ट्यूनर स्वतःचा ७ डेसिबलच्या घरातला नॉइज घालतो. बूस्टर नसेल तर एकूण तोटा १८ डेसिबल. आता २० डेसिबल वाढवणारा आणि स्वतः फक्त २ डेसिबल नॉइज घालणारा बूस्टर घ्या. तो टीव्हीच्या मागे लावला तर तोटा १३ वर येतो. जिन्यात, स्प्लिटरच्या आधी लावला तर साडेसहाच्या आसपास. आणि वर पाइपवर, अँटेनाला चिकटून लावला तर साडेतीनपेक्षाही थोडा कमी. बूस्टर तोच, पैसे तेवढेच, फक्त जागा बदलली.

यातला शेवटचा फरक लक्षात ठेवा. जिन्यातून पाइपवर नेल्यावर मिळाले ३ डेसिबल. दुसरा अँटेना अगदी बिनचूक जोडला तरी जास्तीत जास्त तेवढेच ३ डेसिबल मिळतात, प्रत्यक्षात अडीचच्या आसपास. म्हणजे एक शिडी चढून जे काम होतं, त्यासाठी लोक नवा अँटेना, नवा पाइप आणि नवं कॉम्बाइनर (दोन वायरींचा सिग्नल एकत्र करणारी डबी) विकत घेतात.

आता जोडण्याबद्दल. दोन अँटेना जोडायचेच असतील तर ते एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे हवेत. दोघांची तोंडं एकाच टॉवरकडे हवीत आणि दोघांपासून कॉम्बाइनरपर्यंतच्या वायरी एकाच बंडलातून कापलेल्या, अगदी सारख्या लांबीच्या हव्यात. सारख्या म्हणजे टेपने मोजून सारख्या. ५०० मेगाहर्ट्झला लाट हवेत ६० सेंटिमीटरची असते, पण फोम भरलेल्या आरजी-६ मध्ये ती आखडून ५० सेंटिमीटर होते. म्हणजे एक वायर दुसरीपेक्षा फक्त २५ सेंटिमीटर जास्त असेल तर एका अँटेनाचा चढ दुसऱ्याच्या उताराशी गाठ घालतो आणि दोन्ही एकमेकांना मारतात. एकूण सिग्नल एका अँटेनापेक्षाही कमी होतो. वीतभर वायर ‘राहू दे, पुढे उपयोगी पडेल’ म्हणून गुंडाळून ठेवली की नेमकं हेच होतं. अँटेनाच्या मधल्या डबीतल्या बालनच्या (अँटेना आणि वायर जुळवणारा भाग) दोन तारा एका अँटेनात सुलट आणि दुसऱ्यात उलट लागल्या तरी परिणाम तोच.

दोन अँटेना दोन दिशांना लावून साध्या स्प्लिटरला उलटं जोडणं ही याहून वाईट गोष्ट. प्रत्येकाचा अर्धा सिग्नल वाया जातो. शिवाय एकाच टॉवरचा सिग्नल दोन वाटांनी, मागेपुढे पोचतो आणि वारंवारतेच्या पट्ट्यात कुठे खड्डा पडेल सांगता येत नाही. जुन्या ॲनालॉग चित्रात याचं भूत दिसायचं, माणसाच्या शेजारी त्याचीच फिकट सावली. डिजिटलमध्ये भूत दिसत नाही, एखादी वाहिनी सरळ गायब होते. दोन दिशा हव्याच असतील तर मधे बदलायचा स्विच लावा. आणि एक अँटेना व्हीएचएफचा (खालच्या वारंवारतांचा पट्टा), दुसरा यूएचएफचा असेल तर डिप्लेक्सर घ्या. तो पट्टे वेगळे ठेवून जोडतो, तोटा १ डेसिबलच्या आत.

हे सगळं सांगितलं, कारण तुमचे कोणी नातेवाईक मुंबईत राहत असतील तर त्यांना उपयोगी पडेल. नाशिकमध्ये मात्र हवेत पकडण्यासारखंच काही उरलेलं नाही. दूरदर्शनने जुने ॲनालॉग ट्रान्समीटर टप्प्याटप्प्याने बंद केले. मार्च २०२२ अखेर, मोक्याच्या काही ठिकाणांवरचे सोडून, देशभरातले जवळपास सगळे थांबले. त्याऐवजी डीव्हीबी-टी२ हे डिजिटल प्रसारण २०१६ मध्ये १६ शहरांत सुरू झालं. त्यांत महाराष्ट्रातली दोन होती, मुंबई आणि तेव्हाचं औरंगाबाद. नाशिक त्या यादीत नव्हतं. नव्या टीव्हीत ट्यूनर आहे हे खरं, पण त्याला ऐकायला कोणी बोलत नाही.

मग मुंबईकडे तोंड करून उंच पाइप लावला तर? वरळीचा टॉवर सुमारे ३०० मीटर उंचीचा आहे. सपाट जमिनीवर, तुमचा अँटेना १० मीटरवर धरला, तर अशा टॉवरची रेडिओ-क्षितिजापर्यंतची, म्हणजे पृथ्वीचा गोलावा आड येईपर्यंतची, पोच साधारण ८५ किलोमीटर भरते. नाशिक सरळ रेषेत १५० किलोमीटरवर आहे. आपण समुद्रसपाटीपासून जवळजवळ ६०० मीटरवर राहतो, त्याचा फायदा मिळाला असता, पण मधे सह्याद्रीची भिंत उभी आहे. कसारा घाट चढून आलेला माणूस हे मला विचारणार नाही. छत्रपती संभाजीनगर पूर्वेला १६० किलोमीटरवर, तिथेही क्षितिज आडवं येतं. हवामान खास असेल त्या रात्री चित्र चमकून जाईलही, पण रोजच्या बातम्या त्यावर पाहता येणार नाहीत. डिजिटलमध्ये खरखरीत चित्रावर समाधान मानायची सोयही नाही. सिग्नल उंबरठ्याच्या वर असेल तर स्वच्छ चित्र, खाली गेला की काळा पडदा.

तेव्हा सह्याद्री वाहिनी फ्री डिशवरच पाहा. आता छत्रीकडे वळू, तुमचा खरा त्रास तिथेच आहे.

फ्री डिश जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते. तो ९३.५ अंश पूर्वेला, विषुववृत्ताच्या वर उभा आहे. नाशिकहून तो आग्नेयेला दिसतो, खऱ्या उत्तरेपासून मोजलं तर १३४ अंशांवर. गंगापूर रोडच्या गच्चीवर उभं राहून सांगायचं तर नाशिकरोड स्टेशनच्या दिशेहून किंचित दक्षिणेकडे. उंची क्षितिजापासून ५७ ते ५८ अंश. म्हणजे बऱ्यापैकी वर. शेजारी नवा टॉवर झाला म्हणून लोक घाबरतात, पण इमारत १० मीटरवर असेल तर ती तुमच्या छत्रीपेक्षा १५-१६ मीटर उंच असल्याशिवाय आड येत नाही. वाढतं झाड मात्र हळूच आड येतं, पावसाळ्यात पानं ओली झाल्यावर तर जास्तच. कंपास वापरणार असाल तर लोखंडी कठड्यापासून आणि टाकीच्या स्टँडपासून चार पावलं दूर धरा.

तिसरा कोन सगळे विसरतात, तो म्हणजे एलएनबी स्वतःभोवती किती फिरवायचा. नाशिकला तो जवळजवळ ४३ अंश आहे. उपग्रहाच्या लाटा उभ्या आणि आडव्या अशा दोन प्रकारच्या असतात. एलएनबी थोडा कमी-जास्त फिरला तरी चित्र येतं, कोरड्या दिवसात चालतंही, पण उभ्या लाटेत आडवी मिसळते आणि पावसासाठी ठेवलेली शिल्लक आधीच संपलेली असते. पकडीचा स्क्रू सैल करून एलएनबी हळूहळू फिरवा आणि कोणीतरी खाली बसून क्वालिटीचा आकडा मोठ्याने वाचू द्या. पहिल्या पावसाच्या आधी एवढं एकच काम केलं तरी पुष्कळ घरांचा अर्धा त्रास जातो.

क्वालिटी म्हटलं, कारण टीव्हीला जोडलेल्या फ्री डिशच्या बॉक्सच्या मेनूत दोन पट्ट्या असतात: स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. बूस्टरचा खेळ इथे डोळ्यांनी पाहता येतो. तो लावला की स्ट्रेंग्थची पट्टी सर्रकन पुढे जाते आणि क्वालिटीची जिथल्या तिथे राहते, कधी थोडी मागेही येते. दुकानदार पहिल्या पट्टीकडे बोट दाखवतो. तुम्ही दुसरीकडे पाहा. क्वालिटी म्हणजे सिग्नल नॉइजच्या किती वर आहे ते, आणि पावसात टिकणार की नाही हे तीच ठरवते.

छत्रीवर बूस्टर का चालत नाही, याचं उत्तर वरच्या हिशेबातच आहे. पाइपवर चिकटलेला, अगदी कमी नॉइजचा बूस्टर इथे आधीच आहे. एलएनबी म्हणजे तोच. तो सिग्नल ५० ते ६० डेसिबल वाढवतो आणि त्याची वारंवारता खाली आणून ९५० ते २१५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात वायरीवर सोडतो. २५ मीटर आरजी-६ या पट्ट्यात सहा-सात डेसिबल खाईल, स्प्लिटर आणखी आठेक. तरी ४० डेसिबल शिल्लक. तीन मजल्यांना लाइन बूस्टर लागत नाही. वायर ४०-५० मीटरच्या पुढे गेली, मोठ्या इमारतीत सात-आठ मजले उतरायचे असले, तर त्याचा विचार करा, आणि तोही वरच्या टोकाला. घेताना डब्यावर ९५० ते २१५० छापलंय का पाहा. केबल टीव्हीचा जुना बूस्टर ८६२ मेगाहर्ट्झवर संपतो, छत्रीचा सिग्नल त्यातून जातच नाही. स्प्लिटरचंही तसंच. ५-१००० छापलेला केबलचा, ५-२४०० किंवा ५-२५०० छापलेला छत्रीचा. तुमच्या जिन्यातला स्प्लिटर आज संध्याकाळीच उलटून बघा.

दोन छत्र्या जोडण्याचं काय? अँटेनांच्या बाबतीत निदान ३ डेसिबलची आशा होती, इथे तीही नाही. प्रत्येक एलएनबीत स्वतःचा ऑसिलेटर (ठरावीक लय देणारा भाग) असतो आणि दोघांची लय जुळलेली नसते. वारंवारता खाली आणताना ती विसंगती सिग्नलमध्ये उतरते. जोडल्यावर दोन सिग्नल कधी एकमेकांना वाढवतात, कधी खोडतात. उपाय एकच, छत्रीचा तवा मोठा घ्या. ६० सेंटिमीटरच्या दोन छत्र्यांचं क्षेत्रफळ एका ८५ सेंटिमीटरच्या छत्रीएवढं होतं, आणि ९० ची घेतली तर साडेतीन डेसिबल जास्त मिळतात. हे साडेतीन खरे, क्वालिटीच्या पट्टीत दिसणारे. पाऊस सिग्नल खातो तो एलएनबीच्या आधी, ढगात आणि हवेत, आणि ओलं आकाश स्वतःचा नॉइजही वाढवतं. तिथे कामाला येतो तो तव्याचा आकार आणि अचूक कोन. इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यात तर मी ९० पेक्षा लहान छत्री लावायला सांगतच नाही. ढगफुटीसारखा पाऊस झाला तर दहा-पंधरा मिनिटं तीही थांबेल, त्याला इलाज नाही.

आता स्प्लिटर. बॉक्स त्याच वायरीतून वर १३ किंवा १८ व्होल्ट पाठवतो आणि गरजेप्रमाणे २२ किलोहर्ट्झचा इशाराही. या दोन गोष्टींवरून एलएनबी ठरवतो की उभी लाट ऐकायची की आडवी, खालचा पट्टा की वरचा. तीन बॉक्स एकाच एलएनबीला लावले आणि तिघांची मागणी एकच असली तर निभावतं. वेगळी असली की एकाचं ऐकलं जातं, बाकीचे कोरडे. स्प्लिटरच्या एकाच तोंडातून व्होल्टेज वर जात असेल तर आणखी एक लक्षण दिसतं. खाली भावाने बॉक्स बटणापासून बंद केला की वर आई-वडिलांचाही टीव्ही जातो, आणि दोष छत्रीला दिला जातो. तुमच्याकडे असं होतं का, ते रात्री तपासा.

म्हणून चार तोंडांचा एलएनबी, ज्याला क्वाड म्हणतात. त्याचं प्रत्येक तोंड स्वतंत्र. तीन वायरी तीन घरांत, चौथं तोंड रबरी टोपी घालून बंद. तुमच्याकडे पुढे कोणी खासगी डीटीएच घेतलं तर त्याला त्याची वेगळी छत्री आणि वेगळी वायर लागेल, ते यात मिसळू नका.

वायर घेताना मधली तार बघा. चाकूने खरवडल्यावर तांब्याखाली पांढरं लोखंड दिसलं तर ती तांब्याचा मुलामा दिलेली. सिग्नलला ती चालते, पण लांब पल्ल्यावर एलएनबीला पोचणारं व्होल्टेज कमी पडतं. बाहेरच्या टोकांना दाबून बसवायचे एफ कनेक्टर वापरा, फिरवून घट्ट करायचे नकोत. एलएनबीच्या तोंडाखाली वायरीला छोटा झोल ठेवा, म्हणजे पाणी तिथून ठिबकेल, आत शिरणार नाही. जोडावर स्वतःला चिकटणारी रबरी टेप गुंडाळा. साधी काळी टेप एका उन्हाळ्यात सुटते. वायरीच्या जाळीत पाणी गेलं की अ‍ॅल्युमिनियम पांढरं पडून भुगा होतं, आणि मग टोक बदलून भागत नाही, पूर्ण वायरच बदलावी लागते.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस, सकाळी अकराच्या सुमारास, चित्र काही मिनिटं आपोआप जाईल. तेव्हा सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. कशालाही हात लावू नका. उलट त्या वेळी गच्चीवर जाऊन बघा: कोन अचूक असेल तर एलएनबीभोवती ऊन एकवटलेलं असतं, आणि छत्रीवर दुसऱ्या कशाची सावली पडत असेल तर तीच वस्तू वर्षभर आड येतेय हेही कळतं. डोळे मात्र सांभाळा.

राहिला वडिलांचा पाइप. पाइप ठेवायला हरकत नाही. त्यावर टोकापासून टोकापर्यंत १.४ मीटरचा साधा डायपोल लावला तर आकाशवाणी नाशिक, १०१.४, स्वच्छ ऐकू येईल. त्यालाही बूस्टर नको. स्थानिक एफएम इतकं जोरात असतं की बूस्टर त्यानेच गुदमरतो. पण पाइप आणि छत्री दोन्ही गच्चीवरचं उघडं लोखंड आहे, आणि आपल्याकडे मे महिन्यात वळवाच्या पावसाबरोबर विजा पडतात. पाइपच्या तळापासून जाड तांब्याची तार सरळ, कमीत कमी वळणं घेत घराच्या अर्थिंगला जोडून घ्या, आणि हे काम वायरमनकडून करवा. पाइप आडवा पडला तरी विजेच्या तारेपर्यंत पोचणार नाही एवढं अंतर नक्की ठेवा. पोचत असेल तर छत्रीचं काम सुरू करण्याआधी तो उतरवा.